दोन मिलिमीटरचा वाद

वाघोलीत गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय उजव्यापेक्षा जास्त राबतो. सकाळी नऊला केसनंद फाट्यावरून खराडी बायपासकडे निघून पाहा. ॲक्सिलरेटरला फारसं काम नाही. क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. अशा ठिकाणी राहणारा माणूस क्लच आणखी जड करायला निघाला, तेही आपणहून आणि पदरचे पैसे घालून, तर लोक हसतील. मामा हसले नाहीत. ते चिडले.

मामा आमच्या सोसायटीतले. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. भाचा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्याची गाडी सेकंडहँड आहे, टर्बो पेट्रोल, सहा गिअर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथे भांडण कंपनीशी नाही. तो तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. मामा म्हणतात, पाच दारं आणि मागे भाजीच्या पिशव्या ठेवायला जागा असली की ती स्पोर्ट्स कार नव्हे. मी दोघांच्या मधे बसलो होतो. मला गाड्यांची आवड आहे, हातात पाना धरण्याची अक्कल मात्र बेताचीच.

भाचा: मामा, गाडीत बिघाड नाहीये. क्लच लोण्यासारखा दबतो. तक्रार तीच आहे. तो नेमका कुठे उचलतो ते पायाला कळतच नाही. गाडी हलली की मग कळतं.

मामा: गाडी हलल्यावर कळतं ना? मग झालं की.

भाचा: सिग्नलला झालं. घाटात नाही होत. पसरणी चढताना दुसऱ्यावरून तिसरा टाकला, पाय पूर्ण सुटला, तरी गाडी क्षणभर विचार करते आणि मग ओढते. माझा पाय आणि प्लेट एका वेळेला चालत नाहीत.

मामा: काय काढणार आहेस?

भाचा: दोन गोष्टी. पेडलची मदतीची स्प्रिंग आणि पाइपातला व्हॉल्व्ह.

मामा: कारखान्यातल्या माणसांनी घातलेल्या दोन गोष्टी. पगार घेऊन घातलेल्या.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल पाइपातून स्लेव्ह सिलिंडरकडे जातं, स्लेव्ह रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग डायफ्रामच्या पाकळ्या दाबतं आणि प्रेशर प्लेट मागे सरकून क्लच प्लेटला मोकळी करते. यातली प्रत्येक पायरी अंतर कमी करते आणि जोर वाढवते. साधारण हिशेब मांडला तर पाय १३ सेंटिमीटर खाली जातो, पाच पटींची तरफ धरली तर मास्टरचा दट्ट्या अडीच सेंटिमीटर सरकतो, स्लेव्हचा दीड, बेअरिंग सात-आठ मिलिमीटर. आणि शेवटी प्रेशर प्लेट उचलली जाते ती जेमतेम दोन मिलिमीटर. गाडी सुटणं, बंद पडणं, झटका देणं, चढावर मागे न घसरता पुढे जाणं, हे सगळं त्या दोन मिलिमीटरच्या आत घडतं. पायाला त्या दोन मिलिमीटरची खबर तेरा सेंटिमीटरभर पसरून मिळते. ती वाटेत किती पुसट व्हावी, एवढाच प्रश्न.

मदतीची स्प्रिंग ती पुसट करते. पेडल वर असतं तेव्हा ती त्याला वरच धरून ठेवते. पेडल एका बिंदूपलीकडे गेलं की तीच स्प्रिंग कलंडते आणि पायाबरोबर खाली ढकलायला लागते. डायफ्रामचा जोर एका बाजूला, स्प्रिंगचा दुसऱ्या बाजूला. पायापर्यंत पोचते ती दोघांची वजाबाकी. स्प्रिंग कलंडण्याची जागा आणि क्लच उचलण्याची जागा जवळजवळ आल्या, तर पायाला प्लेटपेक्षा स्प्रिंगच जास्त जाणवते. हे फक्त आमच्या भाच्यालाच सुचलेलं नाही. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा ८६ आणि तिची जुळी सुबारू बीआरझेड यांच्या मालकांनी जगभर ही स्प्रिंग काढली किंवा तिच्या जागी हलकी बसवली. २०१५ पासूनच्या फोर्ड मस्टँगच्या हँडगिअरवाल्या मालकांनीही तेच केलं. भारतात मस्टँग आली ती ऑटोमॅटिक, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न पायापर्यंत पोचलाच नाही.

मामा: स्प्रिंग काढल्यावर पेडल जड होणार.

भाचा: होणार. थोडं.

मामा: थोडं म्हणजे किती, ते वाघोलीच्या चौकात सांग, वर्कशॉपमध्ये नको. अरे, आमच्या जुन्या गाड्यांचा क्लच दाबायला ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठायचा. तिशी ओलांडली की डावा गुडघा बोलायला लागायचा. पुढे एअरची मदत आली तेव्हा ड्रायव्हर लोकांनी काय केलं असेल? ‘आम्हाला खबर लागत नाही, ही मदत काढा,’ असं एकही जण म्हणाला नाही.

भाचा: पण तुम्हीच सांगता ना, क्लच जड झाला की प्लेट संपत आली असं समजायचं?

मामा: हो. प्लेट झिजली की डायफ्रामच्या पाकळ्यांचा कोन बदलतो, पेडल जड लागतं. ड्रायव्हर येऊन म्हणायचा, ‘साहेब, क्लच वर उचलायला लागलाय आणि जडपण झालाय.’ आम्ही न उघडता सांगायचो काय झालंय ते.

भाचा: म्हणजे जडपणा ही खबर होती. तुम्ही त्या खबरीवर अख्खी नोकरी केलीत. मला मात्र तीच नको म्हणता.

मामा यावर गप्प बसले. मी ते नोंदवून ठेवलं, कारण ते क्वचितच घडतं.

नगर रस्त्यावर बसून हा वाद घालण्यात एक गंमत आहे. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली ती याच रस्त्याने. पुढे याच रस्त्याच्या कडेने गाड्यांचे कारखाने उभे राहिले. भाच्याला हा इतिहास पाठ आहे आणि तो सांगताना त्याचा आवाज बदलतो.

भाचा: रांजणगावला, अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावी, २०१५ मध्ये अबार्थ पुंटो बनायला लागली. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर, पाच गिअर, आणि किंमत दहा लाखांच्या जरा आत. तेव्हा त्या पैशात तेवढी ताकद दुसरीकडे कुठेच नव्हती. त्याच रस्त्याने पुढे संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडा. २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली, दीडशे अश्वशक्ती, हाताने टाकायचे गिअर. २०१७ मध्ये आरएस परत आली तेव्हा क्लचचं पेडलच नव्हतं. पुंटो तर बंदच झाली.

मामा: लोकांना नको होती म्हणून बंद झाली.

भाचा: असेल. पण तीन पेडलांच्या वेगवान गाड्या कमीच होत चालल्यात. जी एक माझ्याकडे आहे ती तरी नीट बोलावी.

त्याला फक्त वेग हवा असता तर त्याने ऑटोमॅटिकच घेतली असती. आजची चांगली ऑटोमॅटिक कुठल्याही माणसापेक्षा लवकर गिअर बदलते. त्याला स्वतःच्या पायाने काहीतरी बरोबर जमल्याचं सुख हवंय. मामांना हे पटत नाही असं नाही. त्यांची हरकत वेगळी आहे, आणि ती व्हॉल्व्हपाशी येऊन खरी धारदार होते.

व्हॉल्व्ह म्हणजे क्लचच्या पाइपात बसवलेली एक बारीक वाट. पेडल दाबताना ऑइल जाऊ देते, पाय सोडल्यावर परत येणारं ऑइल मात्र इंजेक्शनच्या सुईतून यावं तसं थेंबाथेंबाने येऊ देते. पाय हळू सोडला तर तिचं अस्तित्वही जाणवत नाही. पाय झटकन सोडला की प्लेट पायाच्या मागून, तिच्या सवडीने येते. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतल्या थ्री सिरीजमध्ये ती होती, आणि ती काढून टाकणं हा तिथल्या हौशी लोकांचा पहिला संस्कार असतो. गाडी घेतल्यावर नंबरप्लेटच्या आधी व्हॉल्व्ह.

मामा: ती वाट बारीक का ठेवली असेल? फुकट नाही ठेवली. कुणाचा तरी पाय पेडलवरून घसरतो. कुणी तरी चार हजार आरपीएमवर क्लच सोडून देतो. ती वाट नसली तर तो दणका जातो कुठे? ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटला, गिअरबॉक्सच्या दातांना, इंजिनच्या माउंटिंगला. मी गिअरबॉक्स उघडलेत. दात तुटलेला असला की ड्रायव्हर कधीच म्हणत नाही की माझा पाय घसरला. तो म्हणतो, आपोआप तुटला.

भाचा: माझा पाय घसरत नाही.

मामा: आज नाही घसरत. गाडी विकशील तेव्हा पुढचा कोण असेल? त्याला सांगशील की मी व्हॉल्व्ह काढलाय?

भाचा: सांगेन. आणि मामा, दुसरी बाजू पण बघा. मी वेगात गिअर बदलतो तेव्हा दर वेळी प्लेट क्षणभर घसरते. पाय सुटलेला, इंजिन ओढतंय, आणि प्लेट अजून अर्धीच पकडतेय. म्हणजे हाफ क्लच. तुम्ही ज्याच्यावरून ड्रायव्हरना शिव्या घालायचात तेच. फक्त इथे हाफ क्लच माझा पाय करत नाही, ती वाट करते. प्लेट तर झिजतेच ना?

मामा: प्लेट झिजते. प्लेट झिजण्यासाठीच असते. गिअरचा दात झिजण्यासाठी नसतो.

हे वाक्य मी दोनदा ऐकून घेतलं. कारखान्यातल्या माणसाने व्हॉल्व्ह का बसवला याचं याहून सरळ उत्तर मला ठाऊक नाही. स्वस्त भाग महागड्या भागासाठी मार खातो. पण स्वस्त म्हणजे तरी किती? क्लच सेट बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि मजुरीच कित्येकदा सेटच्या किमतीशी स्पर्धा करते. भाच्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

मग डबल क्लचचा विषय निघाला, आणि निघणारच होता. सिंक्रो, म्हणजे गिअरचे फेरे आपणहून जुळवून देणारी सोय, नसलेल्या जुन्या गिअरबॉक्सवर खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा हलका ठोका, पुन्हा क्लच दाबून गिअर. ठोका कमी पडला की दात किरकिरतात, जास्त झाला तरी किरकिरतात. मामा हे हाताने, पायाने, आवाजासकट करून दाखवतात.

भाचा: बघा! तुमच्या ड्रायव्हरना ना स्प्रिंग, ना व्हॉल्व्ह, ना सिंक्रो. मशीन चूक माफ करत नव्हतं म्हणूनच ते शिकले. मला तेच शिकायचंय.

मामा: ते शिकले, आणि शिकताना किती गिअरबॉक्स वर्कशॉपला आले ते मला विचार. बिल महामंडळ भरायचं. तुझं बिल कोण भरणार? तुझाच पगार. आणि लायसन्सवर हेवी व्हेइकलचा शिक्का मिळायच्या आधी माणूस वर्षभर तरी दुसऱ्याच्या हाताखाली असायचा. तू खराडीला दिवसभर खुर्चीत बसतोस, शनिवारी पसरणी चढतोस. तुझा पाय शिकणार केव्हा?

इथे एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात नव्हती, आणि माझ्या मते सगळ्या वादातली ती सर्वात महत्त्वाची. भाच्याची जी तक्रार आहे, पाय सोडल्यावर गाडी क्षणभर विचार करते, त्यातला मोठा वाटा क्लचचा नसण्याचीही शक्यता आहे. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर आणि थ्रॉटल यांच्यात तार नसते, संगणक असतो. गिअर बदलताना तुम्ही पाय एकदम उचलता तेव्हा तो थ्रॉटल एकदम बंद करत नाही, हळूहळू मिटतो. एकदम मिटला तर सिलिंडरमध्ये अर्धवट जळलेलं पेट्रोल उरतं आणि धुराचे आकडे बिघडतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आल्यावर तर तिथे हात सैल सोडायला कुणालाच परवडत नाही. परिणाम असा की तुम्ही क्लच दाबलात तरी इंजिनचे फेरे लगेच उतरत नाहीत, काही काळ वरच तरंगतात. वरचा गिअर पडला की फेरे जुळत नाहीत आणि झटका बसतो. फ्लायव्हील जड असेल तर हे आणखी जाणवतं. आता व्हॉल्व्ह काढून प्लेट लवकर पकडायला लावली तर काय होईल? न जुळलेले फेरे आणखी लवकर, आणखी जोरात जोडले जातील. झटका वाढेल. भाच्याला वाटतंय त्याच्या नेमकं उलट.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा भाचा जरा वेळ मोबाइलमध्ये काहीतरी शोधत राहिला. मग म्हणाला, ‘ते मान्य. पण ते तपासता येईल. वरचा गिअर टाकताना एक क्षण थांबून पाय सोडायचा. झटका गेला तर फेरे तरंगतात, व्हॉल्व्ह निर्दोष. पाय सोडल्यावरही पकड उशिराच आली तर व्हॉल्व्ह दोषी.’ मामांना ही पद्धत आवडली. त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

मामा: हे आधी का नाही सुचलं? काढायचं काय ते ठरवण्याआधी बघायचं काय ते ठरवायचं. क्लचचं ऑइल कधी बदललंस?

भाचा: गाडी घेतल्यापासून… नाही.

मामा: आणि आधीच्या मालकाने?

भाचा: माहीत नाही.

मामा: झालं! हवेतलं पाणी ओढतं ते ऑइल. दोन वर्षांत बदलायचं असतं. आत एअर धरली की पेडल स्पंजासारखं लागतं आणि क्लच कुठे उचलतो ते देवालाच ठाऊक. तुझी सगळी तक्रार दोनशे-चारशे रुपयांच्या बाटलीत बसत असेल. मग पेडलचा बुश बघ. मग गिअर लिव्हरच्या केबलचे बुश. मग इंजिनचं खालचं माउंटिंग, रबर फाटलं असलं की इंजिन मागेपुढे डुलतं आणि माणूस क्लचला शिव्या घालतो.

मामांची ही यादी मला भाच्याच्या दोन बदलांपेक्षा जास्त पटली, हे सांगून टाकतो. हौशी माणूस नवं काहीतरी बसवायला तयार असतो, जुनं नीट करायला कंटाळतो. आणि यादीनंतर मामांनी एक धोका सांगितला तो कुणीच गांभीर्याने घेत नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांचं ऑइल एकाच बाटलीतून जातं. क्लचचा पाइप उघडून बसलात, बाटलीतली पातळी खाली गेली, आणि एअर ब्रेककडे शिरली, तर क्लचची मजा बाजूला राहील. म्हणून व्हॉल्व्ह काढणारा माणूस एअर काढण्यात तरबेज हवा. पान्याचं काम दहा मिनिटांचं असतं, धीराचं काम त्यानंतर सुरू होतं.

स्प्रिंग काढण्यातही एक बारकावा आहे. स्प्रिंग गेली की पेडल वर येऊन थांबण्याची जागा बदलू शकते. मास्टर सिलिंडरच्या दांडीला वर जरासा मोकळेपणा लागतोच. तो नसला तर मास्टरमधलं परतीचं भोक उघडत नाही. मग ऑइल तापून फुगलं की त्याला जायला वाट राहत नाही, ते बेअरिंगला सतत दाबत राहतं, आणि क्लच पूर्ण बसतच नाही. चढावर प्लेट मुकाट घसरते आणि माणूस म्हणतो, स्प्रिंग काढल्यापासून प्लेट लवकर गेली. शिवाय पेडलवर एक-दोन स्विच असतात, त्यांची जागा हलली तर गाडी सुरूच होत नाही. हे सगळं जमणारं आहे. पण ‘फक्त स्प्रिंग काढायचीय’ यातला ‘फक्त’ काढून टाकावा.

कायद्याचा मुद्दा मामांनी काढला, जरा आनंदानेच.

मामा: बदल केलास की आरटीओ. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात पुण्यात, पाहिलंस ना?

भाचा: सायलेन्सरचा आवाज लोकांना ऐकू येतो. माझी स्प्रिंग कुणाला ऐकू येणार?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातले तपशील उत्पादकाने ठरवल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पेडलची स्प्रिंग नोंदणी पुस्तकात नसते. माझ्या वाचनाप्रमाणे ती कलम ५२ च्या शब्दांत थेट बसत नाही; पण मी वकील नाही, आणि इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर वकिलापेक्षा जास्त बारीक बघतो. बदल केला तर विमा कंपनीला कळवलेला बरा. वॉरंटी असेल तर तिच्यावर पाणी सोडायची तयारी हवी. भाच्याच्या गाडीची केव्हाच संपलीय, त्यामुळे तो निश्चिंत.

सिरॅमिकच्या तुकड्यांची रेसिंग प्लेट आणि हलकं फ्लायव्हील या गोष्टीही निघाल्या. त्यांचा निकाल दोन मिनिटांत लागला. तशी प्लेट पकडते किंवा सोडते, मधलं काही नाही; आणि हलक्या फ्लायव्हीलवर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स गडगडतो. वाघोलीत ती गाडी रोज पन्नास वेळा बंद पडेल, असं मामा म्हणाले. भाचा म्हणाला, ‘साठ.’ एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत.

स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह यांना मात्र एका तागडीत तोलू नये. स्प्रिंग नीट काढली तर यंत्राच्या आत काही बदलत नाही, फक्त पायाला मिळणारी खबर बदलते. ती आवडली नाही तर रविवारी परत बसवता येते, आणि तिचा भार ज्याला हौस आहे त्याच्याच गुडघ्यावर. व्हॉल्व्ह काढला की पुढच्या प्रत्येक दणक्याचं गणित बदलतं, आणि तो दणका पायाला कळत नाही, गिअरबॉक्सला कळतो. म्हणून स्प्रिंगच्या बाबतीत मी भाच्याच्या बाजूने आहे. व्हॉल्व्हच्या बाबतीत मामांच्या. निदान ऑइल बदलून, बुश घालून, फेरे तरंगतात का ते पाहून होईपर्यंत तरी.

माझं हे मत ऐकायला दोघांनाही फारसा रस नव्हता. तेवढ्यात सूनबाई आल्या. भाच्याची बायको, तीही खराडीला, टेस्टिंगमध्ये. गाडी आठवड्यातले तीन दिवस तिच्याकडे असते, ही गोष्ट तासाभराच्या वादात भाच्याच्या तोंडून एकदाही निघाली नव्हती.

सूनबाई: पेडल जड होणार म्हणजे कुणाला जड होणार?

भाचा: थोडंसंच.

मामा: मी तेच विचारत होतो.

सूनबाई: मला जड पेडलाची भीती नाही. मागच्या गाडीचा क्लच याहून जड होता. पण मामा, हा स्प्रिंग काढणार, मग गाडी चालवणार, मग म्हणणार काय मस्त झालीय. स्वतः काढलंय ना, मस्तच वाटणार.

भाचा: म्हणजे?

सूनबाई: म्हणजे आधी मामा सांगतात ते ऑइल. त्यावर आठवडाभर आपण दोघं गाडी चालवायची आणि लिहून ठेवायचं. मग स्प्रिंग. स्प्रिंग लपवता येणार नाही, ती पायाला लगेच कळेल. पण व्हॉल्व्हचं ठरवायचं असेल तेव्हा तुझ्या मित्राच्या गॅरेजला गाडी द्यायची, आणि त्याने व्हॉल्व्ह काढला की नुसताच उघडून परत बसवला ते आपल्याला सांगायचं नाही. मी चालवेन, तू चालव. पसरणीला जायचं तर पसरणीला जाऊ. ओळखलंस तर काढ कायमचा.

मामा: आणि एअर दोन्ही वेळा काढायची. एकदा काढली आणि एकदा नाही, तर एअरचाच फरक लागेल.

सूनबाई: बरोबर. दोन्ही वेळा.

भाचा: आणि दोघांची उत्तरं वेगळी आली तर?

सूनबाई: तर सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडी माझी.

मामा चपला घालायला उठले. क्लचचं ऑइल कुठल्या नंबरचं लागतं ते बाटलीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, ते आत्ताच खाली जाऊन बघूया, म्हणाले. उद्या फाट्यावरच्या दुकानातून आणता येईल.